जोड

हंसराज खिमजींच्या दुकानात, गोखले रोडला,
पांढऱ्या गादीवर चप्पल चालत नसे.
म्हणून मी होतो.
पायरीखाली गोणपाट, एक पत्र्याचा डबा, डब्यात पितळी बिल्ले
एक ते दीडशे.
त्रेसष्ट नंबर पहिल्यापासूनच हरवलेला.

गर्दी मी तोंडानं कधी ओळखली नाही.
वागळे इस्टेटच्या कुठल्या कंपनीचा बोनस झाला
ते टाचेच्या वंगणावरून कळायचं.
नौपाड्यातल्या मास्तरणींचा अंगठा दोनदा शिवलेला, पण पुसलेला.
कोलशेतच्या बायका नवी चप्पल पिशवीतून आणायच्या,
दाराशी पायात घालायच्या
आणि लगेच काढून माझ्या हातात द्यायच्या.

सेल तेव्हा बॅटरीत असायचे.
दुकानात असायचं ते रिबेट,
आणि एकाच ताग्यातून बापलेकांचे पाच शर्ट,
उरल्या तुकड्याची पिशवी.
धनत्रयोदशीला बिल्ले संपत.
मग मी खडूनं तळावर आकडे टाकायचो,
तेच आकडे उलटे होऊन गावभर फरशांवर उमटत असतील.

चौऱ्याऐंशी साली वसुबारसेला कारखानीस बाई
एका पायात आपली, एका पायात दुसरीची घालून गेल्या.
दुसरी चरईतली, ठोसर आडनावाची.
भाऊबीज उरकून दोघी आल्या, भांडायच्या तयारीनं.
शेठनं चहा सांगितला.
आठ वर्षांनी त्या विहिणी झाल्या.
पत्रिका मला वेगळी दिली, वर लिहिलं होतं
श्री. हिरोजी, चप्पलवाले.

त्याच वर्षी गाद्या निघाल्या, काउंटर आले.
मग सेल आला, लाल अक्षरांचा, लग्नाच्या हॉलमध्ये,
कोपऱ्यात आदल्या दिवशीच्या अक्षता तशाच.
टेबलावर गाउनचा डोंगर.
एका गाउनच्या दोन बाह्या दोन बायकांच्या हातात,
दोघी एकमेकींकडे न बघता ओढतायत.
पायातलं कुणी काढेना.
शेठ म्हणाले, हिरोजी, तू आता घड्या घाल.
घातल्या. सतरा वर्षं.

कारखाना पाडून मॉल झाला, तिथं सून घेऊन गेली.
सरकत्या जिन्यापाशी बायकोनं पदर खोचला,
पाऊल उचललं, परत ठेवलं.
मागं साठेक माणसं तुंबली.
कुणी ढकललं नाही.
हातही कुणी दिला नाही.
शेवटी दोघं बाजूच्या न सरकणाऱ्या जिन्यानं चढलो.
वर बघतो तर पिशव्या मोजक्या, माणसं अमाप;
गारवा फुकट होता, तोच सगळे घेत होते.

आता सेल रात्री बारा वाजता उघडतो.
सुनेनं दिवा घालवला, मुलं झोपलेली.
फोनवर आलं: तुमच्या पुढे चौदा हजार माणसं.
मी गॅलरीत जाऊन पाहिलं.
कावेसरचा रस्ता. खांबाखाली एक कुत्रं, तेही बसलेलं.
अठ्ठावीस हजार पाय आहेत कुठं?
झोपा आता, सून म्हणाली, मिळाला मिक्सर.

दिवसा मी सोसायटीच्या गेटवर वही घेऊन बसतो.
खोकी येतात. ए विंगचं सी विंगला जातं.
चुकलेलं कुणी कुणाला नेऊन देत नाही,
परत न्यायला वेगळा पोरगा येतो.
वहीत मी दोघांचंही नाव लिहितो.
विचारत मात्र कुणी नाही.

लक्ष्मीपूजनाला, दिवेलागणीला, सुफियान आला, मुंब्र्याचा,
एकशे बारावं खोकं खांद्यावर.
चाचा, दोन मिनिटं, म्हणाला,
आणि केबिनच्या पायरीवर बसून बूट काढले.
मोजा टाचेला चिकटलेला.
मी पाणी दिलं.
तो पीत होता तोवर, सवयीनं,
बूट उचलून जोड लावला,
तोंडं रस्त्याकडे, घालायला सोपं पडावं म्हणून,
आणि बिल्ला शोधत
हात खिशात गेला.